दोन चरांमधली पट्टी

— हा काळा डाग म्हणताय होय? नाही बाई, त्यात तुमचं जुन्या काळचं काही नाही. द्या तो कागद इकडं, चष्मा लावतो. हां. हा वरचा चर, हा खालचा चर, मधे ही तीस पावलांची पट्टी — आणि पट्टीत हा लांबडा डाग. बरोबर आहे तुमच्या यंत्राचं. माती भाजलेली दाखवतंय, ती भाजलेलीच आहे. पण तीन हजार वर्षांपूर्वीची नाही, दोन हजार एक सालच्या एप्रिलची आहे. माझ्या सहाशे बारा मेंढ्या जाळल्या तिथं. कोकरं सोडून — कोकरं कुणी मोजली नाहीत. बसा ना. बूट राहू द्यात, आयरीन वारली त्याला सात वर्षं झाली, आता या घरात बुटांवरून बोलायला कुणी नाही.

लाळ-खुरकत आली होती त्या साली. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. नियम असा होता की, जिथं रोग निघाला तिथली जनावरं मारायचीच, पण त्याच्या जमिनीला ज्याची जमीन लागून असेल त्याचीही मारायची, धडधाकट असली तरी. रोग निघाला वॉल्टर डॉडकडं, वरच्या चरापलीकडं. त्याच्या पलीकडच्या अंगाला टर्नबुल, त्याची वाचली — का, तर मधून रस्ता जातो. रस्ता दोघांचा नाही, म्हणजे शीव लागत नाही. सरकारी माणूस आला तो नकाशा घेऊन, तुम्ही बसलात तिथंच बसला. सभ्य माणूस होता, डोळे सुजलेले, झोप नव्हती त्याला. त्यानं विचारलं, हेडलीसाहेब, ही मधली पट्टी तुमची का? मी म्हटलं, हो. झालं. एवढंच.

तशी ती आमची नव्हती हो कधी. म्हणजे — कागदावर होती, तेव्हा सात वर्षांपासून. त्याआधी कुणाचीच नव्हती. पाणी नाही, निवारा नाही, गवत आपलं बरं एवढंच. वॉल्टरनं एकदा तिथं ट्रॅक्टर उभा केला आठवडाभर, आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं हा बांध कोरणार. मग वकील, कोर्ट, सगळं. मी शपथेवर सांगितलं की माझ्या मेंढ्या तिथं वर्षानुवर्षं चरतात. कुठल्या चरतात? आमच्या मेंढ्यांना या डोंगरावर कुंपणच नसायचं. आई कोकराला फिरवून दाखवते, इथवर आपलं, पुढं नाही, आणि ते कोकरू मोठं झालं की आपल्या कोकराला दाखवतं — माझ्या पणजोबाच्या आधीपासून तसंच. विकत मिळत नाही ते बाजारात. खालच्या चरापाशी आल्या की वळायच्या. पट्टीत एकीनं कधी पाय टाकला नव्हता. न्यायाधीशाला मेंढ्यांना विचारता येत नाही, म्हणून मी जिंकलो. निकालाचा कागद चौकटीत घालून लावला होता, तिथं, घड्याळाच्या बाजूला. खिळा आहे अजून.

आता तुम्ही परवा वर उभं राहून सांगितलंत ते मी ऐकून घेतलं. की चर काही लढाईबिढाईसाठी नव्हता, मेंढीसुद्धा उडी मारून जाईल. की त्या जुन्या लोकांनी तो पुन्हापुन्हा उपसला, सात-आठ वेळा, आणि मधली जागा मुद्दाम रिकामी ठेवली — दोघांची जमीन एकमेकीला लागू नये म्हणून. तुम्ही म्हणालात, हा तुमचा अंदाज आहे. असेल अंदाज. पण ठेवली असेल तर अक्कल होती त्यांना.

चहा घ्या, निवतोय. — काय? नाही, वॉल्टरला राग नव्हता. सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, गावात भेटला तर मी रस्ता ओलांडायचो, पण त्याच्या गुरामेंढरांना गोळ्या घातल्या त्याच दिवशी त्यानं इथं फोन केला. की नेडला — म्हणजे मला — सांगा, पट्टी माझी नाही म्हण, मीही तेच सांगतोय, म्हणजे तुमच्या वाचतील. फोन आयरीननं घेतला. निरोप माझ्यापर्यंत पोचला नाही, त्या गडबडीत ती विसरली.

म्हणजे, मी असंच सांगतो सगळ्यांना.

पोचला होता. मी त्या दारात उभा होतो, बोलायला फोनवर आलो नाही. तिनं फोन ठेवला आणि शब्दन् शब्द सांगितला मला. दोनदा सांगितला. आणि मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, बघा कसा डाव टाकतोय. त्याचं गेलं ते गेलं, आता या गोंधळात पट्टी सोडवून घेतोय माझ्याकडून — मी सरकारी माणसासमोर नाही म्हटलं की तेच लेखी घेऊन हा उद्या कोर्टात उभा राहील. माणूस दारात एक कोकरूसुद्धा जिवंत ठेवू न शकलेला, आणि मला हे सुचलं. साहेबानं विचारलं तेव्हा आयरीन तिकडं चुलीपाशी उभी होती. मान हलवत होती, नाही म्हणा, नाही म्हणा. मी उठून भिंतीवरचा कागद काढून त्याला दाखवला.

मेंढ्या मीच आणल्या हाकून. कुत्रा आणि मी. शिट्टी घातली तशा आल्या, रोजच्यासारख्या, निम्म्या गाभण. दोन दिवस लागले गोळ्या घालणाऱ्यांना. जाळायला जागा कुठली, ओढ्यापासून लांब हवी, तर मी पट्टी दाखवली. तेव्हा गेल्या त्या पट्टीत. तीन आठवड्यांनी रक्ताच्या तपासणीचं पत्र आलं, एकीलाही रोग नव्हता. मला काही वाटलं नाही ते वाचून. अजूनही वाटत नाही, म्हणून तर सांगता येतं.

आता वॉल्टरच्याच चरतात वर, मीच दिलाय डोंगर त्याला. बाहेरून आणलेल्या. हव्या तिथं भटकतात, दोन्ही चर तुडवून. आम्ही बोलतो आता, हवेबद्दल, लोकरीबद्दल. बोलणं सुरू झालं ते त्या पत्राच्या आठवड्यात. तो फाटकापाशी आला आणि म्हणाला, नेड, आयरीननं तुला सांगितलं नाही? मी म्हटलं, नाही. मला काही बोलली नाही ती. आयरीन तिथंच होती, दहा पावलांवर, बादली घेऊन. तिनं ऐकलं. बादली तशीच घेऊन आत गेली.

काहीच बोलली नाही मला. सतरा वर्षं. जेवायला वाढायची, शेजारी झोपायची, माझे मोजे रफू करायची. वॉल्टर तिच्याशी परत कधी बोलला नाही, बाजारात समोर आली तरी पाठ फिरवायचा, आणि ती ते सोसायची. तिच्या मातीला अख्खं खोरं आलं होतं. तो आला नाही. त्याच्या लेखी सहाशे बारा मेंढ्या तिनं मारल्या.

तुम्ही इथून त्याच्याकडंच जाणार ना, वरच्या चराची परवानगी घ्यायला? मग त्याला एक सांगाल का — सहज, बोलता बोलता — त्याला म्हणावं, नेड हेडली म्हणत होता की आयरीननं—

नाही. राहू द्या. काही सांगू नका. तुमचा कागद उचला बाई, आणि निघा आता.