धाकटी चाळीस मिनिटांवर

(साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. डोंगराअलीकडच्या छोट्या विमानतळावरचा एकुलता एक काउंटर. थोरला मुलगा, त्याची आई आणि काउंटरवरची मुलगी.)

थोरला : विमानानं चाळीस मिनिटं हे नुसतं म्हणायला, आई! घरून इथं यायला दोन तास, इथं ताटकळायचं, उतरून पुन्हा शहरात जायचं. पाच तास मोडतात.

आई : आणि घाटानं?

थोरला : चौदा.

आई : चौदातून पाच गेले, नऊ उरले. ते नऊ मी धाकटीजवळ बसेन. वजाबाकी मला येते.

थोरला : नवऱ्याचं घर सोडताना तिनं आपल्याला विचारलं होतं?

आई : विचारलं होतं. फोनवर हमसून रडली, आई ये म्हणाली. तू म्हणालास, आईला घाट लागतो, चौदा तास कशी येणार? मी तुझं ऐकलं. आता घाट खाली राहील, बाबा. आता काय सांगशील?

काउंटरवाली : आजी, या खोक्यात काय आहे?

आई : शिलाई मशीन. माझं. आता तिचं.

काउंटरवाली : सतरा किलो भरतंय. दहाच नेता येतं. विमान लहान, वर सगळ्या जागा भरल्यात.

थोरला : घ्या! देवालाही मंजूर नाही. चल घरी.

आई : देवाला मध्ये आणू नकोस, काटा त्याचा नाही. पोरी, माणूस किती किलोचं धरता?

काउंटरवाली : सरसकट पंच्याहत्तर.

आई : पंच्याहत्तर? अगं, माझ्याकडे बघ तरी! हो बाजूला, चढू दे त्या काट्यावर.

थोरला : आई, उतर! लोक बघतायत.

आई : बघू देत. तू हात लावू नकोस, वजन वाढेल.

काउंटरवाली : अगंबाई, एक्केचाळीस!

आई : मशीन धरून अठ्ठावन्न. तरी तुझं विमान माझं देणं लागतं.

काउंटरवाली : थांबा हं, कॅप्टनना विचारून येते.

थोरला : नाही म्हणाले तर?

आई : तर घाटानं जाईन. ओकत जाईन, पण जाईन.

काउंटरवाली : हो म्हणाले, आजी! हसत होते पण.

आई : हसेनात का. विमान नीट चालवलं म्हणजे झालं.

थोरला : परत कधी येणार?

आई : तिचं बस्तान बसलं की बघू. खोकं आडवं ठेव गं, सुई आहे आत.

(अकरा वर्षांनी. तोच काउंटर.)

काउंटरवाली : ओळखलं तुम्हाला! काट्यावर चढलेल्या आजींचे चिरंजीव ना? कॅप्टन अजून तो किस्सा सांगतात. आणि मी मॅनेजर झाले, तरी माणसं रोज मीच मोजते. आजी कशा आहेत?

थोरला : तिकडेच आहे. परतीचं तिकीट काढलंच नाही तिनं. ऐंशी झाली, अजून काजं-बटणं करते.

काउंटरवाली : आणि बहीण?

थोरला : दुकान आहे तिचं. सहा मशिनं झाली म्हणे.

काउंटरवाली : म्हणे? तुम्ही पाहिलं नाहीत?

थोरला : पहिल्यांदाच जातोय.

काउंटरवाली : बरं. सामान?

थोरला : एक शर्ट आहे फक्त. बाही उसवलीय. धाकटी म्हणाली, घेऊन ये.