बुरुजाच्या उतारावर चाकामागे चाक

मी खाली सही करणारा, वय एकोणसाठ वर्षे, धंदा सायकल विक्री व दुरुस्ती, राहणार तलावाकाठच्या रस्त्यावर, बोटींच्या धक्क्यासमोर, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. लोक मला वस्ताद म्हणतात. गेल्या रविवारी बुरुजाच्या उतारावर झालेल्या अपघाताबाबत मला ठाण्यात बोलावले, म्हणून मी स्वतः हजर राहून विचाराल तसे सांगतो, ते येणेप्रमाणे.

माझ्या घरी मी व पत्नी असे दोघे असतो. आम्हाला एकच मुलगी. ती शाळेत शिक्षिका आहे. तिचे लग्न होऊन दोन वर्षे झाली. जावई नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीस आहे व दोघे आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. अपघातात जखमी झाला तो हाच. आमच्या सायकलवाल्यांत त्याला कॅप्टन म्हणतात. ही पदवी त्याला कोणी दिली ते मला माहीत नाही. मी दिलेली नाही.

दर रविवारी सकाळी माझ्या दुकानासमोरून सायकलवाले निघतात. हा प्रघात मी पाडला. बंधाऱ्यावरून जायचे, सबंध तलावाला मोठ्या रस्त्याने वळसा घालायचा, पाण्यापुरते थांबायचे आणि ऊन चढायच्या आत परत यायचे. याला लोक वस्तादचा फेरा म्हणत. म्हणत, असेच लिहा. आता म्हणत नाहीत.

आम्ही कसे चालवतो असे विचारल्यावरून सांगतो की, चाकामागे चाक लावून एका रांगेत. त्याने मागच्याला वारा कमी लागतो. पण मागच्याला पुढच्याची पाठ दिसते, रस्ता दिसत नाही. म्हणून पुढच्याने खड्डा, खडी, जनावर काहीही दिसले की त्या बाजूचा हात खाली सोडून बोट दाखवायचे, आणि मागच्याने तेच त्याच्या मागच्याला दाखवायचे. पुढच्याच्या हातावर मागच्याने डोळे मिटून विश्वास टाकायचा, हा आमच्यातला पहिला धडा. माझ्याकडे सायकल शिकलेल्या प्रत्येकाला मी तो आधी शिकवतो, पॅडल नंतर. जावयालाही मीच शिकवला.

मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून माझ्या मागच्या चाकाला चिकटून चालवत आली. उतार सुरू झाला की ती मागून ओरडायची, ''बाबा, आहे!'' म्हणजे मी मागे आहे, तुम्ही खुशाल सोडा. हे आम्हा दोघांतले होते, बाकी कोणी असे ओरडत नसे. याचा अपघाताशी काय संबंध असे हवालदारसाहेबांनी विचारले. संबंध आहे, पुढे येईल.

जावई आल्यावर त्याने नवे रस्ते काढायला सुरुवात केली. मोठा रस्ता सोडून शेतांमधून, पाण्याच्या कडेकडेने. वाटेत जुनी जकात चौकी, दगडी पूल, पाण्यात अर्धे बुडालेले घंटाघर, बंद पडलेली गिरणी. प्रत्येक ठिकाणी थांबायचे, आणि हा माहिती सांगणार. जकात चौकीची खिडकी गुडघ्याएवढी खाली का, तर होडीतून येणाऱ्याचे हात कारकुनाला दिसावेत म्हणून. खरे-खोटे त्यालाच ठाऊक. पण माणसे त्या खिडकीतून हात बाहेर काढून फोटो घेतात. मी इतकी वर्षे मोठ्या रस्त्याने त्या घंटाघराजवळून गेलो. तिथे डावीकडे वळण आहे आणि वळणावर खडी असते, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. त्यावर मुलगी एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, ''बाबा, आपण कितीदा इथून गेलो असू, तुम्ही एकदाही थांबला नाहीत.'' ती हसत म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

हळूहळू माझ्या फेऱ्याला माणसे येईनाशी झाली. माझ्याच दुकानात, माझ्याकडून ट्यूबमध्ये हवा भरून घेताना लोक मला विचारू लागले, ''जावईबापूंच्या रूटला किती वाजता निघायचं?'' माझ्या पत्नीने लग्नानंतर सायकलला हात लावला तो फक्त ती दारातून बाजूला करायला. तिने मला बास्केटवाली सायकल तयार करायला लावली, कारण जावयाने तिला जकात चौकी दाखवायचे कबूल केले होते. ती मी तयार करून दिली. घंटीसुद्धा बसवली. मला जावयाविषयी राग होता का असे विचारल्यावरून सांगतो की, तो वाईट माणूस नाही. दारू नाही, तंबाखू नाही, वरचा आवाज नाही. माझ्याशी कधी उलट बोलला नाही. एखादी तरी खोड असती तर मला बरे वाटले असते. त्याचे कौतुक ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होई, एवढे मी सांगतो.

गेल्या रविवारी टेकडीवरच्या टेहळणी बुरुजाचा रस्ता पहिल्यांदाच करायचा होता. चौदा-पंधरा माणसे जमली. माझ्या फेऱ्याला अलीकडे चार येत. मी येणार नव्हतो, पण जावई सकाळी स्वतः दुकानात आला आणि म्हणाला, ''बाबा, पुढे तुम्हीच राहा. तुम्ही पुढे असलात की मला काळजी नसते.'' सगळे ऐकत होते. त्याचा रस्ता, त्याची माणसे, आणि पुढची जागा त्याने मला दिली. ती जागा माझीच होती. तरी मी पुढे झालो. माझ्या मागे जावई, त्याच्या मागे मुलगी, मग बाकीचे. पत्नी खाली जकात चौकीपाशी थांबणार होती.

बुरुजावर थांबलो तेव्हा जावयाने वरून सगळा तलाव दाखवला. कोणत्या टेहळ्याला कोणता किनारा नेमून दिला होता ते सांगितले. मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत होती. मी सायकलींच्या चेन तपासल्या. कोणाचीही खराब नव्हती.

बुरुजापासून जकात चौकीपर्यंत रस्ता सरळ उतरतो. दोन्ही बाजूंना दगडी बांध आहेत. उतार सुरू होताना मागून मुलीचा आवाज आला, ''आहे!'' मी नेहमीप्रमाणे मान हलवली. मग ध्यानात आले की तिच्यापुढे मी नव्हतो. 'बाबा' हा शब्दही त्यात नव्हता. जावयाने ''बरं!'' असे उत्तर दिले.

उताराच्या मध्यावर पाण्याच्या पाइपसाठी खोदलेला आडवा चर आहे. तो बुजवला आहे, पण उजव्या बाजूला माती खचली आहे. मी डावीकडून गेलो. त्यानंतर मागे आवाज झाला. मी थांबून वळून पाहिले तो जावई बांधाला लागून पडला होता. मुलीने ब्रेक दाबून सायकल रस्त्याच्या मधोमध आडवी केली होती, त्यामुळे ती व बाकीचे वाचले. हे मी तिला शिकवले आहे. जावयाच्या हनुवटीतून रक्त येत होते व डावा खांदा खाली गेला होता. मी माझा शर्ट काढून त्याचा हात गळ्यात बांधला. खालून गाडी मागवून त्याला दवाखान्यात नेले.

चरावर इशाऱ्याची खूण होती का असे विचारल्यावरून सांगतो की, होती. काम करणाऱ्या मुकादमाने खचलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना चुना लावलेले दगड ठेवले होते. जो पुढे आहे त्याला ते लांबून दिसतात. मला दिसले. सायकलवाल्यांच्या सेक्रेटरींनी मुकादमाविरुद्ध तक्रार दिली आहे, त्याबाबत माझे म्हणणे असे की त्या माणसाची चूक नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी खांद्याचे हाड मोडल्याचे सांगितले व हनुवटीला टाके घातले. तिथे आपले हवालदार आले व त्यांनी जावयाचा जबाब घेतला. मी व्हरांड्यात होतो. थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली, ती चिडलेली होती. म्हणाली, ''तुम्ही हात केलात आणि याचं लक्ष नव्हतं म्हणे! गप्पा मारायला हव्यात ना उतारावर. बाबा, तुम्ही का असं तोंड करून बसलाय? तुमची काय चूक?'' मग ती माझ्या शेजारी बसली व माझा दंड धरून खांद्यावर डोके टेकले. लग्नानंतर ती अशी बसली नव्हती. आम्ही बराच वेळ तसेच बसलो. चहा आला, तो आम्ही अर्धा-अर्धा घेतला. मला बरे वाटले. हे लिहा.

ती औषधे आणायला गेली तेव्हा मी आत गेलो. जावयाला बोलताना त्रास होत होता. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, ''बाबा, तुम्ही हात केला होता असं मी सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा.'' मी म्हणालो, ''तुला कसं माहीत, केला की नाही?'' तो म्हणाला, ''मी तुमच्या हाताकडेच बघत होतो की. तुम्हीच शिकवलंय ना.'' आणि टाके असूनसुद्धा हसला. मी पाणी हवे का विचारले. तो नको म्हणाला.

येथवर सांगून झाल्यावर हवालदारसाहेबांनी लिहिलेले मला वाचून दाखवले. त्यात चराच्या ठिकाणी 'मी उजवा हात खाली करून मागच्यास इशारा दिला होता' असे वाक्य निघाले. मी ते बोललो नव्हतो. विचारता ते म्हणाले, ''जखमीनं तसं सांगितलंय, मुलीनंही सांगितलंय. तिन्ही जबाब जुळले की प्रकरण मिटतं. नातेवाईक आहात, कशाला वाढवता?'' मी ते वाक्य खोडायला सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवून दार लोटून घेतले व म्हणाले, ''वस्ताद, नीट विचार करा.'' मी विचार केलेला आहे. तेव्हा त्या वाक्याऐवजी पुढील मजकूर घालावा.

चुन्याचे दगड मी लांबून पाहिले. माझा हात आपणहून हँडलवरून सुटत होता. इतक्या वर्षांत त्याला सांगावे लागत नाही. तो मी धरून ठेवला. डावीकडे लवकर घेतली असती तर जावयाला कळले असते, म्हणून अगदी शेवटी घेतली. तो पडावा, मोडावा असे मनात होते का, तर मोडावा असे नव्हते. पडावा, असे होते. सगळ्यांदेखत आणि तिच्यादेखत.

हे आता का सांगता असे विचारल्यावरून सांगतो की, पश्चात्ताप झाला म्हणून सांगतो असे लिहू नका. तो होईल तेव्हा होईल. जावयाने माझी माणसे घेतली, रस्ता घेतला, उतारावरची हाक घेतली. आता मला न विचारता त्याने मला माफही करून टाकले. तिथेही तोच पुढे. दवाखान्यात मुलगी माझ्या खांद्यावर डोके ठेवून बसली तेसुद्धा त्याने दिले म्हणून. त्याने दिलेले घेऊन मी घरी जाणार नाही. खोटे बोलण्यात तो माझ्यापेक्षा चांगला ठरत असेल तर खरे बोलण्यात मी त्याच्या पुढे राहीन. मला दुसरे काही उरलेले नाही.

दुरुस्ती करून जबाब नव्याने लिहिला. तो वाचून दाखवायचा नियम आहे, म्हणून हवालदारसाहेब वाचू लागले. ते हळू वाचत होते. बाहेरच्या बाकावर मुलगी मला घरी न्यायला येऊन बसली होती. मी उठून दार उघडले व मोठ्याने वाचा म्हणालो. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, माझ्या वयापासून, शेवटपर्यंत वाचले. सगळे मी सांगितले तसेच आहे, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. सही करून मी वर पाहिले तेव्हा बाक रिकामा होता.