माकडिणीला कावळा शिवला

…आणि वर मलाच म्हणतात, ‘हिरामण, तुला अक्कल आहे का?’ आता तुम्हाला सांगतो, माणसानं सांगितलेलं काम इमानानं केलं, माझं काय चुकलं?

बासष्ट साली आमच्या रेवदंड्याजवळ खाडीकडेला माकडांचं केंद्र निघालं. डॉक्टर पुण्याचे, लगीन न्हाय झालेलं, बोलताना कान लाल व्हायचे. ते गाभण माकडिणींना नराचं कसलं तरी औषध टोचायचे, आणि पोटातल्या पोरीवर त्याचा काय परिणाम होतो ते ती वयात आल्यावर बघायचं. जन्माच्या आधीच त्या पोरीला कशाला तरास, असं वाटलं, पण बोललो न्हाय, कारण पिंजऱ्यांच्या राखणीला मी रोजंदारीवर होतो आणि मला कायम करणार होते. टोचलेल्यांच्या लेकी एका पिंजऱ्यात, न टोचलेल्यांच्या दुसऱ्यात. तीन वर्षांनी पोरी वयात आल्या, तवा डॉक्टरांनी वही दिली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘हिरामण, रोज लक्ष ठेवायचं… कुणाला कावळा शिवला, की तिच्या नावापुढे फुली.’

आता बाईमाणसाला कावळा शिवतो म्हंजे काय, ते मला कळतं हो, मी लग्नाचा माणूस हाय, पण माकडीण काय चार दिवस चुलीपासून लांब बसते? आणि खाडीवर सुकटीपायी कावळे तर ढिगानं. मला वाटलं, शिवाशिवीनं परयोग बाटत असंल! टोचलेल्यांच्या पोरी डॉक्टरांच्या लाडक्या, म्हणून तिथं मी काठी घेऊन उभा, एक कावळा फिरकू दिला न्हाय. दुसऱ्या पिंजऱ्यातल्यांच्या शेपट्या जाळीबाहेर, महिन्यातून एखाद्या वेळी चोच लागायचीच, की मारली फुली. माझं काय चुकलं?

सहा महिन्यांनी डॉक्टर वही बघून नाचायचेच बाकी राहिले. ‘हिरामण, टोचलेल्यांच्या लेकींचे बीजकोश बंदच पडले रे, एकीलाही कावळा नाही!’

मी म्हटलं, ‘डॉक्टर, मी हाय तवर शिवणार बी न्हाय.’

‘म्हणजे?’

मी काठी दाखवली. ते ओरडले, ‘हिरामण, तुला अक्कल आहे का?’ अमेरिकेला धाडायचा अहवाल टाइप होऊन तयार होता.

पिंजरे धुवायला माझी बायको सगुणा होती, ती म्हणाली, ‘अवो डॉक्टर, फरशी मी धुते, मला इचारायचं न्हाय व्हय? सुईवाल्यांच्या पोरींचं बी होतं, पर उशिरा सुरू झालं, आन् कधी पंधरवड्यानं, तर कधी दोन-दोन महिने न्हाय. दुसऱ्या पोरी येळच्या येळी.’ मग एकेकीचं नाव घेऊन तिनं महिने सांगितले. डॉक्टरांचे कान लाल, पण पेन थांबेना.

कायम केल्याचा कागद महिन्याभरात आला, सही-शिक्क्यानिशी. सगुणेच्या नावावर. ती खुर्चीत बसून सांगते, डॉक्टर लिहून घेतात. आणि फरशी… फरशी मी धुतो, रोजंदारीवर.