मधली चौकट

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सासूच्या डोळ्यांत थेंब घातलेले, सुनेच्या मांडीवर परीक्षेची वही.

“आई, डोळे मिटा म्हणते ना! कितीदा सांगायचं?”

“मिटले गं बाई. तू मोठ्यानं वाच, माझाही वेळ जाईल.”

“डेटाबेस आहे हो, माहितीच्या नोंदी ठेवायचा. चित्रात माणसांचे चौकोन असतात आणि नात्याची चौकट, खेळायच्या पत्त्यांतल्यासारखी. चौकटीत क्रियापद लिहायचं. मग सगळ्याची टेबलं करायची.”

“नात्याचंही टेबल?”

“हो, वेगळं. त्यातल्या प्रत्येक ओळीत दोन्ही माणसांचे नंबर.”

“आणि एक माणूस पुसला तर?”

“त्याच्या नात्याच्या ओळीही जातात.”

“म्हणजे माझा मुलगा गेला, तशी आपलीही ओळ गेली की गं.”

“थांबा हं, आई.”

“काय करतेस?”

“सरावाला आपल्या घराचंच चित्र काढलं होतं, ते खोडतेय. तुम्हाला मी माझ्याशी त्याच्यामार्फत जोडलं होतं, तिथंच चुकलं. आता तुमच्या-माझ्यात सरळ एक चौकट काढलीय.”

“काय लिहिलंस तिच्यात?”

“अजून काही नाही. क्रियापद सुचेना.”

“‘ओरडते’ लिही. माझ्यावर ओरडायला आता दुसरं आहे कोण?”