अर्धा समोवार

दोन हजार अठराचा ऑक्टोबर, आमच्या ओश शहराच्या बाजारात नवे अक्रोड आलेले, आणि माझा समोवार, चहाचं पाणी उकळायचा बंब, करवतीनं कापला हो! उभा! कलिंगडासारखा!

कापला कुणी? शेजारच्या नुरझातनं. इंजिनियरिंग कॉलेजात उष्णता शिकवते. कुंपणापाशी आली, रडवेली, "बाबा, पोरं झोपतात हो! पुस्तकातली चित्रं माझ्या वडिलांच्या वेळची. एकजण तर 'मॅडम, परीक्षेला येईल तेवढंच सांगा' म्हणतो आणि पुन्हा घोरतो! तुमचा समोवार द्या. मधे निखारे, भोवती पाणी, समोर ठेवून शिकवते." दिला. तसाही पडूनच होता, माझी बुरुल गेल्यापासून. बायको हो माझी... तुम्हाला सांगतो, एकट्यासाठी कुणी समोवार पेटवत नाही. किटलीत पाणी तापवायचं, प्यायचं, झोपायचं.

आठवडा झाला, समोवार येईना. गेलो कॉलेजात. तर काय! टेबलावर अर्धा समोवार, भोवती पोरांचं मोहोळ, एकही झोपलेला नाही! नुरझात हरखून सांगते, "बघा बाबा, आतलं सगळं दिसतं!" अगं दिसतं, पण पाणी राहणार कुठं? या लोकांना खोडच ती! इंजिन दिसलं, काप! पंप दिसला, काप! "अहो बाबा, शिकवायला असंच करतात..."

"बुरुलच्या माहेरचा होता," म्हटलं, आणि निघालो.

आमच्यात मागून नेलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. पण अर्धं भांडं भरणार कसं? सोडून दिलं. नाहीतरी एकट्यासाठी कोण पेटवतंय?

पहिला बर्फ पडला त्या रविवारी फाटक वाजलं. अख्खा वर्ग! दोघांनी समोवार धरलेला, धूर सोडतोय, कापल्या जागी काच! नुरझातनं स्वतःच्या ओव्हनच्या दाराची काढून दिलेली! "बाबा, भरून आणलाय!" आणि तो घोरणारा मलाच शिकवतो, "बघा, तापलेलं पाणी वर चढतं, गार खाली येतं!" अरे, जन्म गेला माझा यातलं पाणी पिण्यात! पण... पाहिलं नव्हतं, हे खरं.

बसले, खिदळले, माझे अक्रोड फस्त केले, बुरुलच्या चहाच्या सगळ्या वाट्या उष्ट्या केल्या, गेले.

पूर्वी समोवार रिकामा आहे की भरलेला, बाहेरून कळायचं नाही. आता कोपऱ्यात बसल्या बसल्या मला दिसतं, रिकामा आहे.

पण भरून आणला होता. फिटलं.