मार्चात मंजूर झालेला फ्रीजर

बँकेत जोखीम कशी मोजतात ते मला विचारा. उरलेली मासळी टिकावी म्हणून दिवाळीनंतर मी फ्रीजरसाठी कर्ज मागितलं. तिथला तरणा साहेब म्हणाला, “मावशी, तुमचा हिशेब सगळा डोक्यात, कागदावर काहीच नाही. त्यात माल नासणारा. जोखीम फार आहे, जमणार नाही.”

मार्च संपता संपता तोच साहेब सकाळी पँट वर धरून, पाणी चुकवत आमच्या अंधेरीच्या मासळीबाजारात हजर. “मावशी, फॉर्म आणलाय. तेवढी सही करा ना.”

मी म्हटलं, “अरे, हिशेब अजून डोक्यातच आहे. मासळीही नासतेच. मग जोखीम कुठे गेली?”

तो हळूच म्हणाला, “टार्गेट राहिलंय हो. माझं प्रमोशन अडकेल.”

“असं होय? मग ऐक. संध्याकाळी उरलेला माल मी निम्म्या भावात काढते. तू काय कमी करतोस?”

बिचाऱ्याने प्रोसेसिंग फी माफ केली. मी सही केली. जाताना खुशीत विचारतो कसा, “मावशी, पापलेट कसं दिलं? आपल्याला कमी कराल ना?”

म्हटलं, “साहेब, आत्ता सकाळ आहे.”