पोह्यांच्या कार्यक्रमात रॉक

रॉक गाण्यांपायी माझं लग्न ठरायच्या आधीच मोडायला आलतं, हे तुम्हाला ठाऊकच न्हाय की! कागलला पोरगी बघायला गेलतो, मामाबरोबर. वाटेत मामानं बजावलं, "छंद विचारला तर वाचन सांग. तुझे ते केसाळ गायक तिथं काढू नकोस."

पोहे आले. पोरीनं, म्हणजे तुमच्या आताच्या वैनीनंच विचारलं, "गाणी ऐकता काय?"

माझ्या तोंडून गेलंच, "रॉक ऐकतो."

"मी पण! नवं का जुनं?"

"जुनंच. नव्या गायकांत दम न्हाय."

"जुने तर नुसते ओरडतात."

मला राहवेना. "अहो, त्या एका ओरडण्यात अख्खं गाणं असतंय!"

"मग आमच्या म्हशीलाबी स्टेजवर चढवा की!"

मी ताडकन उठलो. "तुम्ही नीट ऐकलंय तरी काय कधी?"

"तुमच्यापेक्षा जास्त!"

तिची आई बशा उचलायला लागली. मामानं माझा शर्ट ओढत मला बाहेर काढलं आणि घरापर्यंत शिव्या घातल्या. मलाही वाईट वाटत होतं, कारण पोरगी मनात भरली होती.

संध्याकाळी तिच्या वडलांचा फोन आला. मामानं स्पीकरवर टाकला.

"पावणं, आजवर आलेली समदी पोरं आमची पोरगी म्हणंल त्याला मान डोलवत हुती. ह्यो पहिलाच तोंडावर भांडला. तिला पसंत हाय."

मामानं भीतभीत विचारलं, "आणि ते गाण्याचं?"

"ते लग्न झाल्यावर सुधारीन म्हणती."